सापडले ते कोणाचे?

दिवाळीच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्या घरी माळा खाली येण्याचा आठवडा. वर्षभर वर झोपून काढलेल्या वस्तू एकेक करून खाली उतरतात, चार दिवस उन्हात बसतात आणि पुन्हा आपल्या जागी निघून जातात. त्यांत पितळेची पाच-सहा जुनी भांडी असतात. वारज्याच्या आमच्या तीन खोल्यांत पितळेला आता जागा उरलेली नाही. पण दिवाळीला ती चिंच-मीठ लावून घासली नाहीत तर काही तरी चुकल्यासारखे वाटते. यंदाही मी गॅलरीत बसून एक घागर घासत होतो. तेवढ्यात माझा भाचा आला. तो इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि या वयातल्या सर्व मुलांप्रमाणे त्याला दर दोन महिन्यांनी एक नवा नाद लागतो. त्याने मोबाइल माझ्या चिंचाळलेल्या हातांपुढे धरला आणि विचारले, “मामा, यातला कुठला घेऊ?”

पडद्यावर दोन यंत्रांची चित्रे होती. लांब दांडी, टोकाला ताटलीएवढी चकती. एक सहा-सात हजारांचे, दुसरे वीस हजारांच्या पुढचे. मेटल डिटेक्टर! दिवाळीच्या सुट्टीत मित्रांबरोबर हर्णैला जायचे, किनाऱ्यावर वाळूत हरवलेल्या अंगठ्या आणि नाणी शोधायची, आणि एरवी इकडच्या बागांतून व मैदानांतून फिरायचे, असा त्याचा बेत होता. निम्मे पैसे त्याने साठवले होते. उरलेले निम्मे कोठून येणार, हे त्याच्या आवाजातल्या गोडव्यावरून मला कळले.

“अरे, मी मराठीचा मास्तर. मला यातलं काय कळणार?” मी म्हणालो.

“म्हणूनच तुम्हाला विचारतो. तुम्ही कुठलीही गोष्ट विकत घ्यायच्या आधी महिनाभर विचार करता.”

ही स्तुती होती की टोमणा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण मी विचार केला, हे मात्र खरे. माझे विज्ञान मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. तरी चार दिवस मी वाचले, आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारले, आणि हे यंत्र मला पुष्कळसे समजले. समजले तसे आवडलेही.

त्या चकतीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि ते जमिनीत उतरते. खाली धातूचा तुकडा असला तर त्याच्या अंगात विजेचे लहान लहान भोवरे उठतात. त्या भोवऱ्यांचेही क्षेत्र असते; ते वर येते, दुसरे वेटोळे ते टिपते आणि यंत्र ‘टूं’ करते. विहिरीत वाकून हाक मारावी आणि आतून कोणी तरी ओ द्यावी, तसाच हा प्रकार. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने १८८१ साली असेच एक यंत्र घेऊन अमेरिकेचे जखमी अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्याचा प्रयत्न केला होता. गोळी सापडली नाही. डॉक्टरांनी त्याला एकाच बाजूला शोधू दिले आणि गादीतल्या पोलादी तारांनी यंत्राला चकवले, असे सांगतात. यंत्र हाकेला ओ मिळाली एवढेच सांगते. ओ कोणी दिली हे ते सांगू शकत नाही. बेलची ही अडचण पुढे माझ्याही वाट्याला यायची होती.

स्वस्त यंत्र घेणाऱ्याने काय पाहावे, हे मी भाच्यासाठी एका कागदावर उतरवले. पहिली गोष्ट खोलीची. पुरुषभर खोल पुरलेले धन दाखवू, असे जाहिरातीत म्हटले असेल तर ती जाहिरात तेथेच मिटावी. साध्या यंत्राला एक लहानसे नाणे वीतभर खोलीवर कळले तरी पुष्कळ झाले. दुसरी गोष्ट जमिनीची. आपला हा सारा मुलूख काळ्या पाषाणाचा. त्या पाषाणात लोहाचे चुंबकीय कण असतात. नवखे यंत्र येथे पावलोपावली ओरडू लागते. म्हणून जमिनीचा हा गलका बाजूला सारून ऐकण्याची सोय ज्यात आहे तेच घ्यावे. तिसरी गोष्ट समुद्राची. कोरड्या वाळूत कोणतेही यंत्र शहाण्यासारखे वागते. पण खाऱ्या पाण्याने भिजलेल्या वाळूतून वीज वाहते आणि स्वस्त यंत्राला तीच वाळू धातूसारखी वाटू लागते. विजेचे ठोके सोडणारी वेगळ्या जातीची यंत्रे तेथे टिकतात. पण ती महाग, आणि खिळा कोणता व अंगठी कोणती हे त्यांना नीट सांगता येत नाही. शिवाय पुष्कळ यंत्रांची चकती पाण्यात चालते, पण वरची पेटी भिजली की संपली. तेव्हा सहा-सात हजारांत हर्णैची ओली वाळू मिळणार नाही. भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी वाळू मिळेल.

चौथी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. यंत्राला एक कळ असते. ती फिरवली की ते लोखंडाकडे दुर्लक्ष करते. आणखी फिरवली की पत्र्याचे, चांदीच्या कागदाचे तुकडेही सोडून देते. कोणालाही वाटेल की कळ शेवटपर्यंत फिरवावी आणि फक्त सोने ऐकावे. पण गंमत अशी आहे की सोन्याची बारीक अंगठी आणि ॲल्युमिनियमचा कपटा यांची ओ यंत्राला जवळजवळ सारखीच ऐकू येते. केर नको म्हणणाऱ्याला सोनेही मिळत नाही. ज्याला सोने हवे त्याने शंभर वेळा गुडघे टेकून चॉकलेटचे कागद उकरून काढायची तयारी ठेवावी. मी बावीस वर्षे मुलांच्या वह्या तपासतो आहे. त्यामुळे हे वाक्य वाचून मला त्या यंत्राविषयी एकदम आपलेपणा वाटला.

विकत घेण्याआधी भाच्याच्या एका मित्राचे यंत्र आम्ही एका दिवसासाठी मागून आणले. पहिला प्रश्न आला की फिरवायचे कोठे? आमच्या जवळ वनखात्याच्या जागेवर झाडी आहे. पण जी झाडे लोकांनी हाताने लावली त्यांच्या मुळांशी आपण उकरत बसावे, हे मला रुचेना आणि परवानगीवाचून ते चालणारही नव्हते. शेवटी मुख्याध्यापकांना विचारून रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर गेलो. तीन तासांत आम्हाला अकरा खिळे, बाटल्यांची सात बुचे, कंपासपेटीतले एक कर्कटक, दोन रुपयांची तीन नाणी, आणि घुंगरू लावलेली एक चांदीची लहानशी साखळी सापडली. पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या पायातली असावी. भाच्याने ती पँटला पुसली, उन्हात धरली आणि आनंदाने ओरडला, “मामा, निम्मं यंत्र आत्ताच वसूल झालं!”

“कोणाची असेल रे?” मी विचारले.

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी मराठी सोडून दुसऱ्याच भाषेत बोललो होतो. “सापडलं त्याचं,” तो म्हणाला.

मुले गोट्या खेळताना म्हणतात तेच वाक्य. आपण मोठे झालो तरी मनातून ते जात नाही. ज्याच्या दृष्टीला पडले त्याचे, ज्याने वाकून उचलले त्याचे; वाकण्याच्या श्रमालाच आपण मालकी समजतो. मीही त्याला लगेच उत्तर दिले नाही. कारण मला वाटले, ‘सापडले’ या एका शब्दात आपण फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो.

नाशिकला रामकुंडावर किंवा पंढरपूरला चंद्रभागेच्या पात्रात दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढणारी पोरे वाचकांनी पाहिली असतील. हल्लीची पोलादी नाणी चुंबकाला चिकटतात. जगातला याहून स्वस्त मेटल डिटेक्टर मला ठाऊक नाही. त्या पोरांना मी कधी चोर म्हणणार नाही. नाणे पाण्यात टाकणाऱ्याने ते हात जोडून टाकलेले असते. त्याचे मन त्या नाण्यातून सुटलेले असते. सराफी पेढ्यांपुढची धूळ विकत घेऊन, धुऊन, तिच्यातला सोन्याचा कण वेगळा करणारे झारेकरीही असेच. त्यांचे पोट दुसऱ्याने सोडून दिलेल्यावर चालते, दुसऱ्याच्या हरवलेल्यावर नव्हे. ही झाली सोडलेली वस्तू.

दुसरी पुरलेली वस्तू. ज्याने पुरली तो गेला, त्याचा वंश कोठे गेला हेही कोणाला ठाऊक नाही. १९७४ साली प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे एक भिल्ल शेतकरी झाडाचे मूळ खणत असता त्याला काशाची चार चित्रे सापडली. बैलांच्या रथात उभा असलेला माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारी मिळून साठ किलोंहून अधिक वजन. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीची ती असावीत, असे विद्वान मानतात. ही चित्रे त्या दिवशी मोडीच्या भावाने तराजूत गेली असती, तर आपल्या या मुलुखाच्या प्राचीन इतिहासाचे एक पानच वितळून गेले असते. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नहपानाच्या त्या नाण्यांपैकी पुष्कळांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उठवलेला होता. कोणी कोणाला जिंकले, हे त्या चांदीने सांगितले. पण ती एकत्र राहिली म्हणून सांगितले. दहा खिशांत दहा-दहा गेली असती तर मुकी राहिली असती. येथे मालक मेलेला असतो, परंतु वारस जिवंत असतात. ते वारस म्हणजे तुम्ही-आम्ही सगळेच.

कायद्यानेही हे ओळखलेले आहे. १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे भूमीत पुरलेल्या धनाचा, एक कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही भूमीत सापडले तर कलेक्टरला कळवावे, असे तो सांगतो. धन्याचा पत्ता लागला नाही तर शोधणाऱ्याला तीन हिस्से आणि जागेच्या मालकाला एक, अशी वाटणीही तो करून देतो. आणि ते धन सरकारने ठेवून घेतले तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा अधिक द्यावा, असे म्हणतो. खरे सांगणाऱ्याला उपाशी ठेवू नये, एवढे शहाणपण त्या जुन्या कायद्यात आहे. संरक्षित किल्ले, लेणी आणि जुन्या वस्त्यांच्या जागा येथे तर परवानगीवाचून खणायचेच नाही. त्यासाठी १९५८ चा वेगळा कायदा आहे.

तिसरी हरवलेली वस्तू. हीच सर्वांत अवघड. हिचा धनी जिवंत असतो आणि बहुधा अजून शोधत असतो. १८६० च्या दंड संहितेत यासाठी एक सोपे उदाहरण दिलेले होते. वाटेवर एक रुपया पडलेला आहे; कोणाचा ते ठाऊक नाही; उचलणाऱ्याने गुन्हा केला नाही. पण धनी कोण हे कळण्याजोगे असेल, किंवा शोधण्याचा योग्य प्रयत्न न करता, योग्य काळ न थांबता त्याने ती वस्तू आपली म्हणून वापरली, तर तो गुन्हेगार. १ जुलै २०२४ पासून जुनी संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तरी हा विचार तसाच राहिला आहे. गुन्हा उचलण्यात नाही. उचलल्यानंतर न विचारण्यात आहे.

हे सारे मी भाच्याला मोठ्या तोऱ्यात सांगितले. घरी येऊन चहा घेत होतो. समोर मघाची पितळी भांडी वाळत होती. त्याने सहज ती घागर उचलली, फिरवून पाहिली आणि गळ्याखालची ठिपक्याठिपक्यांची अक्षरे वाचू लागला. वाचता वाचता थांबला.

“मामा, हे नाव कोणाचं? आपल्याकडे या नावाचं कोणी नाही.”

बेलच्या यंत्राने गोळीऐवजी खाटेचेच पोलाद दाखवावे, तसे झाले.

ती घागर आमची नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचेही टिकले नाही, तो दिवस पुण्याच्या जुन्या घरांतून अजून बोलला जातो. वारजे तेव्हा खेडे होते. आमचे घर उंचावर असल्यामुळे वाचले. नदीकाठचा मळा गेला. पाणी ओसरल्यावर आजी मळा पाहायला गेली तेव्हा गुडघाभर गाळात ही घागर तोंडापर्यंत रुतून बसली होती. आजीला अक्षरओळख नव्हती, पण नाव कोरलेले असते हे तिला ठाऊक होते. आजोबांनी वाचून दाखवले. एका बाईचे नाव, आडनाव, आणि लग्नात कोणाकडून भेट आली ते.

आमच्या घरात ही गोष्ट नेहमी आजीच्या थोरपणाची म्हणून सांगितली जाते. तिने ती घागर कधी मोडीत घातली नाही. स्टीलचे दिवस आले, घरातले सारे तांबे-पितळ बोहारणीच्या आणि भांडेवाल्याच्या दारात गेले. ही घागर राहिली. दर दिवाळीला ती घासायला देताना आजी म्हणायची, “नीट घासा गं, लोकांचं आहे.” मी सोळा-सतरा वर्षांचा असताना एकदा ते परके नाव घालवावे म्हणून घागर तांबटाकडे नेली होती. त्याने ती बोटांनी वाजवून पाहिली आणि म्हणाला, “नाव जाईल, पण भांडं पातळ होईल.” मी तशीच परत आणली. तो प्रामाणिकपणा होता असे मी इतकी वर्षे मानत आलो. खरे म्हणजे मला भांडे पातळ व्हायला नको होते.

भाच्याने मला काही विचारले नाही. तो हुशार आहे. त्याने मोबाइलवर नदीचा नकाशा काढला आणि बोट ठेवून म्हणाला, “पाणी खडकवासल्याकडून आलं. म्हणजे घागर वरच्या अंगाच्या गावातली. खडकवासला, नांदेड, शिवणे, कोंढवे. फार तर पानशेतपर्यंत. मामा, ही सगळी गावं एसटीच्या वाटेवरचीच.”

चौसष्ट वर्षांत आमच्या घरातून कोणी त्या वाटेने गेले नाही असे नाही. लग्नांना गेलो, सिंहगडाला गेलो, धरणावर भजी खायला गेलो. घागरीवर नाव होते, आडनाव होते, आणि नदी एकाच दिशेने वाहते. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर धनी कळण्याजोगा होता. आम्ही घागर सांभाळली. विचारले मात्र नाही. सांभाळणे ही परत करण्याच्या वाटेवरची धर्मशाळा आहे. तेथे रात्र काढावी. घर बांधू नये. आम्ही घर बांधून राहिलो, आणि वर त्याला पुण्य म्हणत राहिलो.

आजीला दोष देताना माझा हात अडखळतो. त्या गाळात तिचे वर्षाचे पीक गाडले गेले होते. गावोगाव विचारत हिंडण्याचे ते दिवस नव्हते. शिवाय मला वाटते, तिला भीतीही वाटत असावी. त्या नावाच्या घरी जावे, आणि ते नाव पुरात गेले असे कळावे! न विचारण्यात कधी कधी लोभ नसतो, दुसऱ्याचे दुःख दारात उभे राहील याचे भय असते. पण ते भय तिचे होते. माझ्यापाशी तर तेही नव्हते. माझ्यापाशी नुसती सवय होती. घरातली वस्तू पुरेशी वर्षे घरात राहिली की ती आपली वाटू लागते. जमिनीत काळ धातूला गंज चढवतो, घरात तो मालकी चढवतो.

शेवटी यंत्र घेतले. स्वस्तातलेच घेतले, जमिनीचा गलका आवरण्याची सोय असलेले. निम्मे पैसे मी दिले, पण काही अटी घालून. उकरलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा. निघालेला केर परत टाकायचा नाही, पिशवीत घालून आणायचा. गड, देवस्थाने, पांढरीची टेकाडे आणि जंगल येथे यंत्र पिशवीतून काढायचेही नाही. आणि यंत्राबरोबर एक वही ठेवायची. काय सापडले, कोठे, कधी, आणि चौथ्या रकान्यात, कोणाला विचारले. चौथा रकाना रिकामा असेल तोवर वस्तू आपली नाही.

शाळेतल्या त्या साखळीची हकिकत लहानशीच आहे. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी मी नुसते विचारले, “कोणाच्या घरी काही हरवलं होतं का?” साखळीचे नाव काढले नाही. चौथीतली एक मुलगी उठून म्हणाली की तिच्या धाकट्या बहिणीच्या पायातली साखळी गेल्या वर्षी संमेलनात हरवली. तिला तीन घुंगरे होती आणि एक मुके होते. आम्ही ती वाजवून पाहिली. एक घुंगरू खरेच मुके होते. यंत्राला चांदी कळली होती; ते मुके घुंगरू मात्र त्या पोरीलाच ठाऊक होते. वस्तू कोणाची, याला माझ्या मते याहून चांगला पुरावा नाही. जिची असते तिला तिचा दोषही पाठ असतो.

म्हणून मी तीच रीत घागरीला लावायची ठरवली आहे. भाच्याच्या वहीच्या पहिल्या पानावर तिची नोंद आहे. चौथा रकाना अजून कोरा आहे. दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही दोघे नदीच्या वरच्या अंगाला जाणार आहोत. तोवर हा अंक मुठेकाठच्या कोणा घरी पोहोचला, आणि त्या घरातल्या कोणा म्हाताऱ्या माणसाला एकसष्टच्या पुरात गेलेली लग्नातली घागर आठवली, तर एवढेच करावे. तिच्यावरचे नाव सांगावे, ती कोणाकडून भेट आली होती ते सांगावे, आणि तिच्या काठाला एके ठिकाणी पोचा आहे, तो कशाने पडला ते सांगावे. यांतली पहिली दोन उत्तरे आम्हाला ठाऊक आहेत. म्हणूनच ती येथे लिहिली नाहीत. तिसरे आम्हाला चौसष्ट वर्षे ऐकायचे आहे.

घागर घासून ठेवली आहे.